नातू 'ब' संघात खेळतो

गेल्या श्रावणातली गोष्ट. कारखान्यात ओव्हरहॉलिंगची कामे चालू होती, हंगामाला अजून अवकाश होता, आणि आमच्या गट ऑफिसात दुपारच्या वेळी पंख्याखाली बसलेले दोन चिटबॉय सोडले तर कोणी नव्हते. अशा वेळी आमचे एक जुने सभासद आले. त्यांचे नाव येथे देत नाही. का ते पुढे कळेल. गावात त्यांना सगळे आबा म्हणतात, म्हणून आम्हीही आबाच म्हणू. शेअर स्थापनेच्या वेळचा, जमीन पावणेचार एकर, पैकी अडीच एकरात ऊस. तोड लवकर द्या म्हणून त्यांनी आजवर कुणाचे उंबरे झिजवल्याचे आम्हाला माहीत नाही. म्हणून त्यांनी टेबलापाशी खुर्ची ओढली तेव्हा नवल वाटले.

"साहेब, चेअरमनसाहेबांचं एक पत्र पायजे."

"कशासाठी, आबा?"

"नातवासाठी. बदलापूरच्या."

आम्हाला वाटले, शाळेच्या प्रवेशाचे काही असेल. पण नातू आठवीत, शाळा व्यवस्थित चालू. विचारता विचारता कळले की पोरगा फुटबॉल खेळतो आणि पत्र पाहिजे ते त्याच्या क्लबच्या सरांना.

"घेतलं नाही होय त्याला?"

"घेतलंय. पन 'ब' मध्ये घेतलंय."

'ब' हे अक्षर आबांनी अशा आवाजात उच्चारले की जणू प्लॉटला काणी लागल्याची बातमी सांगत आहेत.

सभासदांपैकी ज्यांची पोरेबाळे नोकरीसाठी लांब गेली आहेत त्यांना ही गोष्ट आपली वाटेल, म्हणून अंकात ऊस, पाणी आणि उतारा बाजूला ठेवून तिला जागा देत आहोत. आबांचा धाकटा मुलगा आयटीआय होऊन अंबरनाथच्या एमआयडीसीत फिटर म्हणून लागला. तिकडेच लग्न, तिकडेच कर्ज काढून बदलापुरात बेलवलीला दोन खोल्यांचा ब्लॉक. बदलापूर म्हटले की आपल्याकडच्या माणसाला २०१९ सालचा जुलै आठवतो. मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान पुराच्या पाण्यात अडकली होती आणि हजाराच्या आसपास प्रवाशांना २७ जुलैला सुखरूप बाहेर काढले होते. आबा त्या दिवशी सकाळपासून फोन लावत होते, कारण त्या गाडीत गावची चार माणसे होती आणि मुलाचे घर त्याच नदीच्या अंगाला. तर ते बदलापूर. बेलवली हे तिथले मूळचे गाव, आता कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेत मिसळलेले.

आबांचे दुखणे असे होते. मागच्या दिवाळीत नातू गावी आला तो पाठीवर आकडा असलेला शर्ट घालून. आबांनी त्याला पारावर नेले, सोसायटीत नेले, दूध डेअरीत नेले. "मुंबईच्या टीममदी खेळतोय." दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात हे खपून गेले असते. पण आपला मुलुख कोल्हापूरचा. ज्या शहरात कुस्तीच्या तालमींच्या नावाने फुटबॉलचे संघ आहेत, पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, आणि ज्यांच्या सामन्याला शाहू स्टेडियम भरून वाहते, त्या शहराच्या पंचक्रोशीत शेंबड्या पोरालाही ठाऊक असते की एकेका तालमीचा 'अ' संघ असतो आणि 'ब' संघ असतो. लोक 'अ'च्या सामन्याला काम टाकून जातात. उन्हाळ्यात एका लग्नात पेठेतल्या एका पाहुण्याने नातवाला सहज विचारले, "अ मध्ये का ब मध्ये रे?" पोरगा खरे बोलला. आबा शेजारीच पंगतीत बसले होते. "घास उतरला न्हाई बगा," असे ते आम्हाला म्हणाले.

चेअरमनसाहेबांना आम्ही हकिकत सांगितली. त्यांनी पत्रावर सही केली आणि हसून म्हणाले, "तुम्ही मुंबईला जाणारच आहात कामाला. आधी पोराचा खेळ बघा. द्यावंसं वाटलं तर द्या." पत्र आम्ही पिशवीत ठेवले. आबा म्हणाले, मीही येतो.

महालक्ष्मीने पहाटे कल्याणला उतरलो. तिथून लोकल. विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, आणि मग बदलापूर. रविवार असून डब्यात उभे राहायला जागा मिळाली हेच पुष्कळ. घरी पोहोचलो तेव्हा नातू बूट पुसत बसला होता. आम्ही त्याला पहिल्यांदाच पाहत होतो. आबांच्या बोलण्यावरून दांडगा पोरगा असेल असे वाटले होते. प्रत्यक्षात काटकुळा, वर्गात पहिल्या बाकावर बसवावा एवढाच. आबांच्या पाया पडला, पण नजर वर केली नाही.

सूनबाईंनी चहा करता करता सांगितले ते असे: आठवड्यातून तीन दिवस पोरगा पाचला उठतो. बदलापूर ते अंबरनाथ एकच स्टेशन, पण त्या एका स्टेशनासाठी गर्दीच्या गाडीत शिरायचे. सराव करून परत, मग शाळा. क्लबची फी दर तीन महिन्यांनी. बूट एका मोठ्या मुलाचे, पाय वाढल्यामुळे त्याला होईनासे झालेले, निम्म्या किमतीत घेतले आणि पुढे कापूस घातला. "आबा, त्याला 'ब' मध्ये टाकल्याचं त्याला काही नाही. गावाकडून फोन आला की मात्र तो बाहेर जाऊन बसतो," असे त्या म्हणाल्या. आबांनी कपातला चहा बशीत ओतला आणि काही बोलले नाहीत.

मैदान अंबरनाथच्या बाजूला. पाऊस रात्री पडून गेला होता. 'अ' संघाचा सराव चालला होता मैदानाच्या चांगल्या अर्ध्यात, आणि 'ब'चा सामना होता खालच्या अंगाला, जिथे गोलासमोर पाणी साठले होते. 'अ'च्या मुलांचे शर्ट नवे. 'ब'च्या मुलांच्या अंगावर त्यांचेच गेल्या वर्षीचे. आपल्या नातवाच्या शर्टाचा आकडा निम्मा उडालेला, आणि शर्ट गुडघ्यापर्यंत. मुख्य सर 'अ'पाशी. 'ब'पाशी एक कॉलेजचा पोरगा शिट्टी घेऊन उभा.

आबा पहिली दहा मिनिटे एका झाडामागे उभे राहिले. आम्ही बोलावले तर म्हणाले, "हितनं दिसतंय." मग हळूहळू पुढे आले. मग रेषेपाशी आले. नातू डाव्या बाजूचा बॅक. समोरचा फॉरवर्ड त्याच्यापेक्षा वीतभर उंच, ओठावर मिशीची लव फुटलेली. पहिल्यांदा त्याने आपल्या पोराला नुसत्या खांद्याने ढकलून पाण्यात बसवले आणि गोल झाला. आबांनी डोळे मिटले. पण पुढच्या वेळी पोरगा अंगावर गेलाच नाही. दोन पावले मागे राहिला, त्या मोठ्याला रेषेकडे जाऊ दिले, आणि चेंडू त्याच्या पायापासून हातभर सुटला त्या क्षणी मध्ये पाय घालून काढून घेतला. तसेच तिसऱ्यांदा. तसेच चौथ्यांदा. आम्हाला फुटबॉलमधले फार कळते असे नाही, पण टोळीत नवा गडी असतो तो पहिल्या दिवशी कोयत्याने उसाशी मारामारी करतो आणि आठवड्याने मनगट फिरवायला शिकतो, ते आम्ही पाहिलेले आहे. हे तसेच काहीतरी होते. फक्त आठवड्यात नव्हे, अर्ध्या तासात.

"सोडू नगंस त्येला!" असा आवाज झाला. पाहतो तर आबा. धोतराचा सोगा हातात, चप्पल चिखलात रुतलेली.

सामना ३-१ असा हरले. आम्ही सांत्वनाच्या तयारीने गेलो तर पोरे वडापाव खात खिदळत होती. आबांना हे पटेना. "हारून हसत्यात कशी ही?" नातू म्हणाला, "आबा, मागच्या वेळी ह्यांनीच आम्हाला सात मारले होते."

नंतर मुख्य सर भेटले. तरुण माणूस, नोकरी सांभाळून हे काम करणारा. पत्र पिशवीत ठेवूनच आम्ही बोललो. पोरगा 'ब' मध्ये का, असे आबांनी सरळ विचारले. सरांनी उलट विचारले, "त्याचा जन्म कधीचा?"

"डिसेंबरचा. नाताळाच्या अलीकडचा," आबा म्हणाले.

"तेच," सर म्हणाले. वयाचे गट १ जानेवारी ते ३१ डिसेंबर असे मोजतात. त्याच्या गटात जानेवारीत जन्मलेली मुले आहेत. कागदावर सगळे एका वयाचे, प्रत्यक्षात अकरा महिन्यांचा फरक. आणि या वयात अकरा महिने म्हणजे साधी गोष्ट नव्हे. वयात येताना मुलगा एका वर्षात तीन-चार इंच वाढतो. कुणाची ती वाढ बाराव्या वर्षी सुरू होते, कुणाची पंधराव्या. आज जो ढकलतो आहे तो दांडगा म्हणून ढकलतो आहे. चार वर्षांनी सगळे सारखे होतील तेव्हा कोण पुढे असेल हे आज कुणी सांगू शकत नाही.

आबांच्या चेहऱ्यावर काही उमटले नाही. तेव्हा आम्ही म्हटले, "आबा, आडसाली आणि सुरू." जुलै-ऑगस्टची आडसाली लागण आणि पुढच्या जानेवारीची सुरू लागण, दोन्ही एकाच हंगामात तोडीला येतात, एकाच काट्यावर वजन होतात. म्हणून सुरूच्या प्लॉटवाल्याला कुणी म्हणते का की तुझा ऊस नापास? एकाला सोळा-अठरा महिने मिळाले, दुसऱ्याला बारा. आबांनी मान डोलावली. "व्हय. सुरू हाय आमचं पोरगं."

ही काही एका सरांची समजूत नव्हे. १९८५ साली कॅनडात रॉजर बार्न्सली नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्फावरच्या हॉकीतल्या वरच्या संघांच्या खेळाडूंच्या जन्मतारखा तपासल्या. पाहतात तर वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेल्यांची झुंबड, आणि शेवटच्या तीन महिन्यांतले फारच थोडे. तिथेही गटाची रेघ १ जानेवारीला. पुढे अनेक देशांत फुटबॉलच्या मुलांच्या बाबतीत हेच दिसून आले. थोरले पोर थोडे मोठे म्हणून निवडले जाते. निवडले म्हणून त्याला चांगले सर, चांगले मैदान, जास्त सामने मिळतात. आणि मग ते खरोखरच चांगले होते. मागचे मागेच राहते.

यावर आबांनी जे सुचवले ते ऐकून सर हसले. "मग तारीख थोडी फिरवून..." आपल्या पिढीची ही जुनी सवय. शाळेत नाव घालताना मास्तरांनी विचारले, आईने सांगितले की पेरणीच्या सुमाराचा, आणि मास्तरांनी लिहून टाकले १ जून. आमच्या सभासद रजिस्टरात १ जूनला जन्मलेले इतके आहेत की त्या दिवशी सगळ्यांचा एकत्र वाढदिवस करायचा तर गाळपाची सगळी साखर पेढ्यांनाच लागेल. पण तो काळ गेला. आता जन्माचा दाखला लागतो, आणि दाखल्यावरही भागत नाही. मनगटाचा एक्स-रे काढून हाडावरून वयाचा अंदाज घेतात. जागतिक संघटनेने तर २००९ पासून सतरा वर्षांखालच्या जागतिक स्पर्धेत मनगटाची एमआरआय तपासणी सुरू केली. खोटी तारीख सापडली तर पोराचा खेळ संपला आणि बापाची अब्रूही गेली. सभासदांनी असल्या वाटेला जाऊ नये.

सरांची दुसरी गोष्ट आम्हाला जास्त महत्त्वाची वाटली. 'अ' संघात अठरा मुले आहेत. खेळतात अकरा, दोन-तीन बदली जातात, बाकीची बाकावर. 'ब' मध्ये पंधराच आहेत, त्यामुळे प्रत्येकाला खेळायला मिळते. "तुमच्या नातवाला मी आज 'अ' मध्ये घेऊ शकतो," सर म्हणाले. "पण मग तो बसेल."

येथे थोडे विषयांतर करतो. २०१७ साली सतरा वर्षांखालची जागतिक स्पर्धा भारतात झाली. त्या वर्षी राज्य सरकारने शाळाशाळांतून फुटबॉल वाटले होते, ते काहींना आठवत असेल. त्या भारतीय संघात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत तयार झालेला मुलगा. अमेरिका, कोलंबिया, घाना, तिन्ही सामने भारत हरला. त्यानंतर फुटबॉल महासंघाने काय केले? त्या मुलांना मोठमोठ्या क्लबांच्या बाकावर बसू देण्याऐवजी, 'इंडियन ॲरोज' नावाचा त्यांचाच संघ करून थेट आय-लीगमध्ये, बाप्या माणसांसमोर उतरवले. पहिला सामना चेन्नई सिटीविरुद्ध ३-० असा जिंकला, त्यात अनिकेतचे दोन गोल. पण २०१७-१८चा तो हंगाम संपला तेव्हा संघ तक्त्यात सर्वांत खाली होता. हे असे होणार हे महासंघाला ठाऊक नव्हते असे नाही. खाली जाणाऱ्या संघाला लागणारा नियमही त्यांना लागू नव्हता. पोरांना सामने मिळावेत एवढ्यासाठी देशातली निवडक पोरे हरण्याकरता मैदानात सोडली होती. पंगतीत आबांना विचारणाऱ्या त्या पाहुण्याला हे सांगायला पाहिजे होते.

परदेशातले दाखले तर पुष्कळ देता येतील. लायोनेल मेस्सी बार्सिलोनाच्या 'क' आणि 'ब' संघांतून खेळूनच वर गेला. इंग्लंडचा हॅरी केन लहानपणी आर्सेनलने सोडून दिला होता. २०१८च्या विश्वचषकात सर्वांत जास्त, सहा गोल त्याचेच. पण हे दाखले आम्ही आबांना दिले नाहीत. एका मेस्सीच्या मागे 'ब' संघातून कुठेच न गेलेली हजारो पोरे आहेत, आणि ती वाया गेली असेही नाही. पोरगा पुढे मोठा खेळाडू होईल म्हणून 'ब' मध्ये राहू द्या, हे सांगणे म्हणजे ज्याचा भरवसा नाही त्या हप्त्यावर उचल देण्यासारखे आहे.

मात्र सरांना आम्ही एक गोष्ट तोंडावर विचारली. 'ब' संघाला पाणी साठलेले मैदान का? जुने शर्ट का? शिट्टीवाला कॉलेजचा पोरगा का? 'ब' मध्ये मुले वाढतात असे तुम्हीच म्हणता, मग खत सगळे 'अ'ला का?

सर थोडे वरमले. पैसा कमी, मैदान तासाच्या भाड्याने, स्पर्धेत नाव होते ते 'अ'चे, त्यावरच नवी मुले येतात. खोटे नव्हते. पण आम्हाला आपला खोडवा आठवला. लागणीला शेतकरी जीव लावतो. बेणे निवडतो, माती परीक्षण करतो, शेणखत ओढतो. आणि ऊस तुटून गेला की खोडव्याकडे पाठ. पाचट पेटवून देतो, बुडखे छाटत नाही, नांग्या भरत नाही, पाणी उरले तर पाजतो. मग उतारा आला नाही की म्हणतो, खोडवाच तो, त्यात काय येणार. याच अंकातून किती वेळा लिहिले आहे की पाचट कुजवून, बुडखे जमिनीलगत छाटून, पहारीने भोके पाडून दोन वेळा खत दिले तर खोडवा लागणीच्या जवळपास जातो. क्लबवाल्यांना आमचे एवढेच म्हणणे होते, आणि ते आम्ही त्यांच्या भाषेत नव्हे, आमच्याच भाषेत सांगितले. त्यांना कितपत कळले कोण जाणे. सरांनी लिहून घेतले की आठवड्यातून एक दिवस ते स्वतः 'ब'चा सराव घेतील.

ज्या सभासदांची नातवंडे अशा क्लबांत जातात त्यांनी, संघ 'अ' की 'ब', हे विचारण्याआधी गेल्या चार सामन्यांत पोर किती मिनिटे खेळले ते विचारावे. शिकवायला कोण असते, वरच्या संघात घेण्याची चाचणी वर्षातून किती वेळा होते आणि खालून वर कुणी गेले आहे का, हेही विचारावे. कुणी गेलेच नसेल तर तो दुसरा संघ नव्हे, फी गोळा करण्याचे ते दुकान आहे, आणि तिथून पोर काढावे. आणि पोराला फोनवर "जिंकलास का" असे विचारण्यापेक्षा "काय काय झालं" असे विचारले तर ते बाहेर जाऊन बसणार नाही, असे आपले आम्हाला वाटते.

आता मूळ गोष्टीकडे. आम्ही निघणार तेवढ्यात सरांनी आबांना हाक मारली. 'अ' संघातला एक मुलगा तापाने आजारी होता. पुढच्या रविवारी 'अ'चा महत्त्वाचा सामना. नातवाला राखीव म्हणून घेतो, नवा शर्ट देतो. फक्त त्याच वेळी 'ब'चाही सामना आहे, तो त्याला सोडावा लागेल.

आबांचा चेहरा असा फुलला की सांगता सोय नाही. पोराने मात्र बुटाच्या नाडीला हात घातला आणि ती उगाच सोडून पुन्हा बांधू लागला. "जायचं," आबा म्हणाले. विषय संपला. आम्ही आमच्या कामाला मुंबईला गेलो आणि तिथून परत आलो. आबा आठवडाभर बेलवलीलाच राहिले. त्या आठवड्यात गावात चार जणांना फोन गेले, ते आम्हाला इथे कळले.

पुढची हकिकत आबांनीच ऑफिसात येऊन सांगितली. नवा शर्ट मिळाला. पोरगा बाकावर बसला. पहिला अर्धा तास बसला. दुसऱ्या अर्ध्या तासात सरांनी त्याला उठवून रेषेच्या कडेने पळायला लावले, अंग गरम करायला. आबा उभे राहिले. मग सामना बरोबरीत आला आणि सरांनी त्याला बसवले. पुन्हा उठवले, पुन्हा बसवले. "दोनदा उठीवलं, दोनदा बशिवलं, साहेब. माझ्याच पायात गोळं आलं." सामना 'अ' जिंकला. पोरे एकमेकांच्या अंगावर पडून नाचली. आपला पोरगा कडेला उभा राहून टाळ्या वाजवत होता, शर्ट कोरा. त्याच वेळी पलीकडे 'ब'चा सामना चालू होता, चौदा जणांत. तो उंच पोरगा पुन्हा आला होता.

घरी परत येताना गाडीत नातू काही बोलला नाही. रात्री आईजवळ म्हणाला की मला 'ब'चीच मॅच खेळायची आहे. सर खेळवणार असतील त्या दिवशी मी तिकडे जाईन. आईने बापाला सांगितले, बापाने दुसऱ्या दिवशी कामावरून येताना सरांना गाठले. सर म्हणाले, हरकत नाही. पण एवढे लक्षात ठेवा, जागा मिळाली ती सोडली तर पुढच्या वेळी पहिला विचार ह्याचाच होईल असे मी सांगू शकत नाही. दुसऱ्या मुलाला घेतले आहे, तो आनंदाने बसला आहे. जानेवारीत चाचणी आहे, तेव्हा बघू.

"चूक तर न्हाई न्हवं केली पोरानं?" आबांनी आम्हाला विचारले. आम्हाला उत्तर देता आले नाही, आणि आजही देता येणार नाही. जानेवारीत गटाची रेघ पुन्हा पडेल, आणि पोरगा पुन्हा त्या गटातला सर्वांत धाकटाच असेल.

"तुम्ही काय म्हणालात त्याला?"

"म्या कशाला काय म्हनतोय? इचारलं, त्या उंचाड्याला आता अडिवतोस का? तर म्हनला, बाहेरच्या पायानं काढतो, डाव्या. लई सांगत बसला. अर्धा घंटा." आबा थोडे थांबले. "एवढं माज्यासंगं कवा बोलला न्हवता."

आम्ही पिशवीतून चेअरमनसाहेबांचे पत्र काढले आणि टेबलावर ठेवले. घडी मोडली नव्हती. आबांनी ते उचलून पाहिले, सही पाहिली, आणि परत आमच्या बाजूला सरकवले.

"असू दे हितंच. ते जाऊ दे. खोडव्याला पहारीनं खत घालायचं म्हनून लिवता तुमी. ती पहार गट ऑफिसातनं मिळती, का गावातल्या लोहाराकडनं करून घ्यावी?"